चौकटीचा कागद

१४ जून

पाहुणी,

तुझं पुस्तक या वर्षीपासून नववीला लागलं. प्रकाशकाने तुला कळवलं असेलच. आमच्या शाळेत नववीच्या दोन तुकड्या आहेत आणि दोन्हींना भाषा मीच शिकवते, म्हणजे एकूण ब्याऐंशी मुलं वर्षभर माझ्याकडून ‘तिसरी खाट’ शिकणार. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तुझा नंबर माझ्याकडे नाही. प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवते आहे. पोचलं तर पोचलं.

पुस्तक मी तीनदा वाचलं. आलं तेव्हा एका बैठकीत, मग पेन्सिल घेऊन, आणि आता लाल पेन घेऊन. तिसऱ्या वाचनात सापडलेलं थोडं सांगते.

खाट लोखंडी नव्हती. खाटच नव्हती. बाबांनी बायंडिंगच्या कारखान्यातून आणलेल्या दोन फळ्या होत्या आणि चार विटा. तू त्याची खाट केलीस, हरकत नाही, फळ्यांवर कादंबरीचं नाव बसत नाही. आपण तिसऱ्या मजल्यावर राहायचो, तू दुसरा लिहिलास. आई शाळांचे गणवेश शिवायची, लग्नाचे कपडे नाही. पुस्तकातली मुलगी दारात येते आणि रडते. तू रडली नव्हतीस. आई-वडील जाऊन तुला नऊ दिवस झाले होते, अकरा वर्षांची होतीस, हातात एक पिशवी होती, आणि तू विचारलंस की चपला आत काढायच्या की बाहेर. मी बाहेर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या चोरीला गेल्या. बाहेर ठेवल्या की जातात हे मला माहीत होतं.

‘पाहुणी’ हे नाव पुस्तकात काका ठेवतात, लाडाने. ते मी ठेवलं होतं. बाबांनी तुला कधी पाहुणी म्हटलं नाही. त्यांनी तुला कशानेच हाक मारली नाही, तेही खरं. तुझ्या वडिलांसारखा चेहरा घेऊन तू घरभर फिरायचीस, आणि भावाचं नाव तोंडात येईल म्हणून ते गप्प बसायचे. हे तुझ्या पुस्तकात नाही. तुला बहुतेक ते कधी कळलंच नाही.

पहिल्याच आठवड्यात मी वर्गाला ताईचं स्वभावचित्र लिहायला दिलं. ब्याऐंशीपैकी एकोणऐंशी जणांनी ‘ताई दुष्ट आहे’ असं लिहिलं. दोघं गैरहजर होते. उरली एक, दुसऱ्या बाकावरची मुलगी, जी प्रत्येक गोष्टीला पान क्रमांक विचारते. तिने लिहिलं, ‘ताईविषयी लेखिकेने पुरेसे लिहिलेले नाही.’ मी तिला दहापैकी सहा दिले.

मी कोण ते वर्गाला माहीत नाही. आडनाव तू बदललंस. माझंही लग्नाने बदललं. नवरा या घरात राहायला आला होता, तो गेला, आडनाव राहिलं.

आई बरी आहे. तू विचारशील म्हणून सांगते.

— तुझ्या पुस्तकातली ताई


३ जुलै

पाहुणी,

चार ओळी आल्या. पहिली माझ्यासाठी, उरलेल्या तीन काकूसाठी. काकू कशी आहे, तिच्याशी फोनवर बोलता येईल का, ती माझं नाव काढते का.

क्रमाने उत्तरं देते, तशी सवय आहे. बरी आहे. नाही, फोनवर बोलण्यासारखं तिचं ऐकणं राहिलेलं नाही. काढते.

तिसऱ्या उत्तराला जोड द्यावी लागेल. बारा वर्षं तिने तुझं नाव काढलं नव्हतं. बाबा गेले त्या सकाळी तू फोन केला होतास, तो मी घेतला. मी म्हणाले, ‘गर्दी नको आहे. घरचीच माणसं आहेत.’ तू म्हणालीस, ‘बरं.’ नंतर आईने मला विचारलं की ती कधी पोचते आहे. मी म्हणाले, ती येत नाही म्हणाली. ही दोन वाक्यं मी एका तासात बोलले, आणि बारा वर्षं पुरली. तू समजलीस आईला तू नको आहेस. आई समजली तुला आम्ही नको आहोत. मला परत तोंड उघडावं लागलं नाही.

आई तेव्हा एवढंच म्हणाली, ‘काका म्हणायची त्यांना. असू दे.’ मग तिने मापांची वही काढली. आपल्या दोघींची मापं ती त्या वहीत शेवटून लिहायची, गिऱ्हाइकांची पुढून. तुझं पान तिने फाडलं, चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. माझं पान त्याच्याच पाठीला होतं. तेही गेलं. ते तिच्या लक्षात आलं नाही.

आता नाव का काढते, ते सांगते. शाळेतून आल्यावर मी तिला अर्धा तास वाचून दाखवते. काय वाचू विचारलं तर म्हणाली, शाळेत शिकवतेस तेच वाच, तुझी दोन कामं एकात होतील. मी लेखिकेचं नाव न सांगता सुरुवात केली. पाचव्या प्रकरणात शिलाई मशीनचा आवाज येतो, ती मुलगी फळ्यांवर, माफ कर, खाटेवर पडून तो आवाज मोजते. आई म्हणाली, ‘थांब. कुणी लिहिलंय हे?’ मी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं, झोपली. मग भिंतीकडूनच म्हणाली, ‘वाच पुढे.’

तेव्हापासून रोज तुझं नाव. माझ्याकडे पाणी मागायचं असतं तेव्हाही तुझ्याच नावाने हाक मारते, आणि मी आल्यावर चूक दुरुस्त करत नाही.

बाबांच्या वेळी मी काय केलं ते मी तिला सांगितलेलं नाही. तू सांगणार असशील तर आधी विचार कर की ते तू तिला कसं कळवणार. पत्रं मीच वाचून दाखवते.

— ताई


२९ जुलै

पाहुणी,

अकरावं प्रकरण शिकवून झालं. सगळ्यांना आवडतं ते. मुलगी निघून जायचं ठरवते, पिशवी भरते, उशी उचलते तर खाली दुमडलेला कागद. त्यावर काकूच्या अक्षरात दोन वाक्यं. ‘तू आमचीच आहेस. कुठेही जाऊ नकोस.’ वर नाव नाही, खाली सही नाही. बाराव्यात काकूची कापडाची कात्री बोथट निघते, काकू मुलीच्या थोबाडीत मारते, आणि मुलगी रडत नाही, कारण मुठीत चिठ्ठी आहे. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा इथे गप्प झाली. तुला ते जमलं आहे. हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

या प्रकरणावर पाच गुणांचा प्रश्न येणार हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मी नमुना उत्तर फळ्यावर लिहून दिलं. वीस वर्षं मी हेच करते आहे, मुलांनी ते जसंच्या तसं उतरवायचं, पाठ करायचं आणि परीक्षेत परत द्यायचं. मी लिहिलं, ‘चौकटीच्या कागदावरची, कात्रीने सरळ कापलेली ती लहानशी चिठ्ठी मुलीच्या आयुष्यातला पहिला आधार ठरते.’ माना खाली गेल्या, पेनं चालू लागली.

दुसऱ्या बाकावरचा हात वर आला. ‘मॅडम, चौकटीचा कागद कुठल्या पानावर आहे?’

मी म्हणाले, जुन्या आवृत्तीत आहे. चार दिवसांनी ती मधल्या सुट्टीत आली. ग्रंथालयातून पहिली आवृत्ती काढून वाचली होती. तिथेही नुसता दुमडलेला कागद आहे, मॅडम, म्हणाली, आणि कात्रीने कापलेला पण नाहीये. उद्धटपणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. तिला वाटत होतं ती मला मदत करते आहे, फळ्यावरची चूक दाखवून. मी तिला म्हणाले, नमुना उत्तर पाठ कर.

तू मुलाखतींत सांगतेस की चिठ्ठी खरी होती आणि अजून तुझ्याकडे आहे. काढून बघ. चौकटीचा कागद आहे. आईची मापांची वही रेघांची होती. त्या घरात चौकटीची वही एकाच माणसाची होती, गणिताची.

मी पंधरा वर्षांची होते. प्रगतिपुस्तकावर आईची सही मी करायचे. हे तू लिहिलं आहेस, पान सत्त्याण्णव, चार ओळींत, गंमत म्हणून. स्वतः लिहिलंस आणि स्वतः वाचलं नाहीस. जिला सही येते तिला दोन वाक्यंही येतात.

तू पिशवी भरलेली मी पाहिली होती. मला बघायचं होतं की चिठ्ठी सापडल्यावर तू काय करतेस. तू धावत आईकडे जाशील, तिच्या गळ्यात पडशील, आणि आई मशीन थांबवून म्हणेल, ‘कसली चिठ्ठी?’ त्या वेळचा तुझा चेहरा मला बघायचा होता. एवढीच मजा होती. पण तू गेलीच नाहीस. कुणाशी अक्षर बोलली नाहीस. पिशवी रिकामी केलीस, कपडे परत खुंटीला लावलेस, आणि सकाळी दूध पिऊन झाल्यावर माझाही पेला विसळून ठेवलास. मी आठवडाभर वाट पाहिली. मग मलाच कंटाळा आला.

चिठ्ठीवर नाव का नाही, असा प्रश्न दर वर्गात येतो. मी सांगते, आपल्या माणसाला नाव घालावं लागत नाही. मुलांना ते आवडतं, ती अधोरेखित करतात. खरं कारण असं की पकडले गेले असते तर तुझ्यासाठी नव्हतीच असं म्हणता आलं असतं.

आणि कात्री. कागद मी आईच्या कापडाच्या कात्रीने कापला होता, फाडलेली कड चांगली दिसत नाही म्हणून. शिवणाऱ्यांच्या घरात तू सात वर्षं राहिलीस, तुला माहीत आहे. त्या कात्रीला कागद लावायचा नसतो, धार जाते, मग कापड कापलं न जाता चावल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी चाळीस फ्रॉकचं कापड जमिनीवर पसरलेलं होतं आणि कात्री चालेना. आईने विचारलं, कागद कुणी कापला. मी तुझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तू अजून मुठीत तो कागद धरून उभी होतीस.

तर ती थोबाडीत त्याच चिठ्ठीची होती. बाराव्या प्रकरणात तू त्याला आधार म्हणतेस. मी वर्गात तेच शिकवते.

— जिने लिहिली ती


८ ऑगस्ट

पाहुणी,

मागचं पत्र पोचलं का, एवढंच कळव. टपालवाल्यांनी पोचपावती दिली आहे. पण सही काय, कुणीही करतं.

— ताई


२३ ऑगस्ट

पाहुणी,

मला उत्तर नाही. आईच्या नावाचं बंद पाकीट मात्र आलं. मी उघडलं. या घरात पाकिटं मीच उघडते.

तू लिहितेस, काकू, मला एकच सांग, ती चिठ्ठी तू लिहिली होतीस का. हो म्हण नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालीस तरी मी येणार आहे, पण मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. पंधरा सप्टेंबरला सकाळी येते. खाली नंबर. ‘ताईकडे देऊ नकोस’ हे लिहायचं तुला सुचलं नाही.

येणारच असशील तर काही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. दीड वर्षापूर्वी आईला झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. कान शाबूत आहेत, पलीकडच्या खोलीत मी वही मिटली तरी तिला ऐकू येतं. फोनवरही ती बोलू शकली असती, तुला समजायला मिनिट-दोन मिनिटं गेली असती, एवढंच. तुला का कळवलं नाही ते विचारू नकोस. कारण मी तुला एकदा फोनवर सांगितलेलं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, कारण तो मी आधीच विचारून बसले. जुलैत तिला अकरावं प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. डाव्या हाताने पुसत म्हणाली, ‘आठवतं मला. मशीनपाशी बसून लिहिली होती. मापांच्या वहीतला कागद.’

मी म्हणाले, आई, ती मी लिहिली होती. गणिताच्या वहीतल्या कागदावर.

ती हसली. झटका आल्यापासून तिचं हसू एकाच बाजूने येतं. ‘तू?’ म्हणाली. ‘तू तिला असलं लिहिशील? तुला कुठून सुचणार ते.’

मी जुनं प्रगतिपुस्तक काढलं, त्यावर मी केलेली तिची सही दाखवली. तिने चष्मा मागितला, नीट पाहिलं आणि म्हणाली, ‘माझीच आहे.’

म्हणजे आता त्या चिठ्ठीच्या दोन मालकिणी झाल्या, एक जिला मिळाली ती आणि एक जी म्हणते मी लिहिली. माझ्याकडे फक्त कात्री राहिली.

परीक्षा झाली. मी प्रश्न असा घातला, ‘चिठ्ठी कोणी व का लिहिली, ते सकारण लिहा.’ एक्क्याऐंशी जणांनी काकू लिहिलं, चौकटीच्या कागदासकट, कात्रीसकट. तुझ्या पुस्तकात नसलेल्या दोन गोष्टी आता एक्क्याऐंशी उत्तरपत्रिकांत आहेत. दुसऱ्या बाकावरचीचं उत्तर उतरवून देते.

‘चिठ्ठी ताईने लिहिली असावी. पान ९७ वर ताईला आईचे अक्षर काढता येते. कापडाची कात्री कागद कापल्याने बोथट होते आणि ती चिठ्ठीच्या दुसऱ्याच दिवशी बोथट निघते. मॅडमनी सांगितलेला चौकटीचा कागद शाळेत जाणाऱ्या ताईच्या वहीतला असू शकतो. ताईला ती मुलगी जायला नको होती, पण तसे तोंडाने सांगता येत नव्हते.’

मी पाचपैकी शून्य दिलं. शेरा लिहिला, पुस्तकाबाहेरचे लिहू नये. ती वर्गात पहिली असायची, चौथी आली. तिची आई भेटायला आली, शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्या म्हणाली की पोर धड जेवत नाही, काय चुकलं तेवढं सांगा. मी वही उघडून नमुना उत्तर दाखवलं. मुलगी आईच्या मागे उभी होती. ती म्हणाली, ‘मॅडम, शेवटचं वाक्य पुस्तकात नाही, मला माहितीये. पण मला तसंच वाटलं.’

मी म्हणाले, ‘वाटण्याला गुण नसतात.’

तिची पहिली सगळी वाक्यं बरोबर आहेत. शेवटचं चूक आहे. हे मी तुला मुद्दाम लिहिते, कारण तू पंधराला येशील, आई हो म्हणेल, दोघी रडाल, आणि रडून झाल्यावर तुला माझ्याविषयीही असलं काहीतरी वाटायला लागेल. तेवढं टाळ.

तुझं पत्र आईला अजून वाचून दाखवलेलं नाही. दाखवीन.

— ताई


१२ सप्टेंबर

पाहुणी,

पंधराला यायची घाई करू नकोस. आई नऊ तारखेला गेली. दुपारी, मी आठव्या तासाला होते, शेजारच्या बाई तिच्याजवळ होत्या. दहाला सगळं आटोपलं. तुझा नंबर तुझ्या पत्राखाली होता आणि पत्र माझ्या पर्समध्ये. पर्स दोन्ही दिवस माझ्या खांद्याला होती. घरचीच माणसं होती, म्हणजे मी.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, एक तारखेला. एक शब्द गाळला नाही. तिने दोनदा वाचायला लावलं. मी म्हणाले, सांग, काय लिहू? हो लिहू का? ती म्हणाली, ‘तू नको लिहूस. कागद आण.’

मी चौकटीची वही विकत आणली. रेघांची घरात होती तरी.

चार दिवस लागले. डावा हात, पेन्सिल. पेन्सिल सुटायची, मी उचलून द्यायचे, ती ‘हात लावू नकोस’ म्हणायची. अक्षरं चौकटी सोडून खाली घरंगळत गेली आहेत, काही ठिकाणी कागद फाटला आहे. वीस वर्षं वाईट अक्षरं वाचण्यात गेली म्हणून मला ते वाचता आलं. ‘तू आमचीच आहेस. कुठेही जाऊ नकोस.’ पुस्तकात आहे तसंच, एक काना इकडचा तिकडे नाही. शेवटी माझ्याकडूनच ऐकून पाठ झालेलं.

मी विचारलं, वर नाव घालू का?

म्हणाली, ‘कशाला? जिची आहे तिला कळतं.’

मी विचारलं, म्हणजे कुणाची? ती माझ्याकडे बघत राहिली. खूप वेळ. मग तिने मला हाक मारली, तुझ्या नावाने, आणि पाणी मागितलं. मी दिलं.

हा तिचा शेवटचा आठवडा. यानंतर ती फारसं बोलली नाही.

आता चिठ्ठीचं. तिने लिहिलेली तुला पाठवली असती तर तुझा विश्वास बसला नसता. ते तिचं अक्षर नाही, कुणाचंच नाही, लहान मूल पाटीवर गिरवतं तसं आहे. तू ती जुनीच्या शेजारी धरली असतीस आणि म्हणाली असतीस की ताईने पुन्हा फसवलं. म्हणून मी स्वच्छ उतरवून पाठवते आहे. सोबत आहे, याच पाकिटात, चौकटीच्या कागदावर. जुन्या चिठ्ठीशी ताडून बघ. तंतोतंत जुळेल. कड सरळ यावी म्हणून कापडाच्या कात्रीने कापली. आता धारेची चिंता करणारं कुणी राहिलेलं नाही.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघेल तेव्हा चौकटीचा कागद घालून टाक. पुढच्या वर्षीच्या मुलांना पान क्रमांक देता येईल. दुसऱ्या बाकावरचीने तुकडी बदलून मागितली होती. मिळाली. त्या तुकडीलाही मीच शिकवते. तिथेही ती दुसऱ्याच बाकावर बसली, आणि आता हात वर करत नाही.

आईने लिहिलेली माझ्याकडे राहील. दोन वेळा दुमडून उशीखाली ठेवली आहे. तिच्यावर कुणाचं नाव नाही. कुठेही जाऊ नकोस, असं तिच्यात लिहिलं आहे, आणि या घरातून कुठेही न गेलेली मी एकटीच आहे.

— ताई